उलांडी

बंगळुरातल्या बनशंकरीच्या देवळापासून समुद्र रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर लांब आहे, मग तुम्ही मंगळूरला जा नाहीतर चेन्नईला. देऊळ समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंचावर. जवळपास नाव चालेल अशी नदी नाही. इथल्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस वृषभावतीच्या काळ्या पाण्यात मिसळतो, ती अर्कावतीला मिळते आणि अर्कावती कावेरीला. बनशंकरीचे समुद्राशी नाते एवढेच. तरीही शिडाची एक लहान होडी घरच्या घरी बांधायची असेल, तर हे ठिकाण मला मुंबईपेक्षा बरे वाटते. कोरडी हवा आहे. मैसूर रोडवर लाकडाच्या वखारींची अख्खी वसाहत आहे. मल्लेश्वरमला लाकडाचे शास्त्र अभ्यासणारी सरकारी संस्था आहे, तुमकूर रोडवर प्लायवूडवर संशोधन करणारी संस्था १९६०च्या दशकापासून उभी आहे. नाही फक्त होडीचा कारागीर. तो मालवणला आहे.

म्हणून नकाशा काढण्याआधी मालवणचाच किनारा बघावा. मालवण, देवगड, वेंगुर्ला आणि पुढे गोवा, कारवार, गोकर्ण या पट्ट्यात वाळूवर ओढलेल्या लहान होड्यांच्या एका अंगाला दोन आडवे दांडे बाहेर आलेले दिसतात, आणि त्यांच्या टोकाला होडीला समांतर बांधलेला एक ओंडका. हीच उलांडी. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर डॉल्फिन बघायला नेणाऱ्या होडीत आपण तिच्या शेजारी बसून जातो आणि फोटोत ती मध्ये येते म्हणून कुरकुरतो. होडी आता बहुधा फायबरची असते, मागे इंजिन असते, शीड कधीच उतरले. उलांडी मात्र राहिली आहे. इंजिन आल्यावरही जी गोष्ट कोळ्यांनी काढून टाकली नाही, तिच्यात काहीतरी अर्थ असणार.

हीच युक्ती पॅसिफिक महासागरात हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत, पश्चिमेला मादागास्करपर्यंत, आणि आपल्या शेजारी श्रीलंकेत व निकोबारात आहे. निकोबारी लोकांच्या अशा नावेला तर होडीच म्हणतात. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली हिंदुस्थानातल्या नावांच्या घडणीवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा तर्क असा, की उलांडी आपल्याकडे आग्नेय आशियातल्या दर्यावर्दी लोकांकडून आली. तर्क पटण्याजोगा आहे. पण कोकणातल्या माणसाने ती केवळ उसनी घेतली आणि तशीच ठेवली असे म्हणता येत नाही. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवायची पद्धत, नाळेची म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची उंची, शिडाचा आकार हे सगळे इथले आहे.

आता होडी उलटते कशामुळे ते पाहू, कारण पुढचा सगळा आराखडा त्यावर उभा आहे. नाव पाण्यात सरळ राहावी म्हणून दोन उपाय आहेत. एक, तिला रुंद करायचे. रुंद नाव स्थिर असते, पण पाणी बाजूला सारत जाते, म्हणून जड चालते. दुसरा उपाय तळाशी वजन घालण्याचा. मोठ्या शिडाच्या नौकेत शिसे भरतात. अशी नौका बुडाली की शिशासकट तळाला जाते, आणि ती वाळूवर ओढायला चार माणसे पुरत नाहीत. उलांडी हा तिसरा उपाय. होडी अरुंदच ठेवायची, आणि तिचा तोल तिच्या बाहेर, लांब नेऊन बांधायचा. लहान मुलाच्या सायकलला जादा चाक लावतात तसे, फरक एवढाच की हे चाक एकाच बाजूला असते.

एकाच बाजूला का, हा प्रश्न सगळेच विचारतात. दोन्हीकडे लावल्या तर होडी अधिक स्थिर होईल हे खरे. फिलिपीन्समध्ये तशा असतातही. पण लाट आली की दोन उलांड्या आणि मधली होडी वेगवेगळ्या उंचीवर उचलल्या जातात आणि दांड्यांवर पीळ पडतो. शिवाय एक बाजू मोकळी असली की जाळे ओढता येते, धक्क्याला लागता येते, पोहून आलेल्याला वर घेता येते. कामाच्या माणसाला मोकळी बाजू हवी असते.

एकाच बाजूची उलांडी शिडाखाली दोन तऱ्हांनी काम करते. वारा उलांडीच्या बाजूने येत असेल तर शीड होडीला पलीकडे ढकलते, उलांडी उचलली जाऊ पाहते, आणि तिचे वजन होडीला खाली धरते. वारा उलट बाजूने आला तर उलांडी पाण्यात दाबली जाते आणि तिचे तरंगणे होडीला सावरते. पहिल्या वेळी वजन कामाला येते, दुसऱ्या वेळी आकारमान. मायक्रोनेशियातल्या आणि श्रीलंकेतल्या लोकांनी यातली पहिलीच तऱ्हा निवडली. त्यांची उलांडी कायम वाऱ्याकडे असते. दिशा बदलायची वेळ आली की ते होडी वळवत नाहीत. शीड या टोकाकडून त्या टोकाकडे नेतात आणि मागचा भाग पुढचा होतो. श्रीलंकेच्या नावांना दोन्हीकडे नाळ असते ही गोष्ट रोमन लेखक प्लिनी यानेही पहिल्या शतकात नोंदवली आहे. युक्ती देखणी आहे, पण अरुंद तलावावर दर पाच मिनिटांनी शीड उचलून धावणे नवशिक्याला झेपत नाही. कोकणची होडी ठरलेली नाळ ठेवते आणि वळते. आपणही तेच करावे.

आकडे घालून पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. शीड ७ चौरस मीटरचे धरू, वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे झाडाची पाने सतत हलतील आणि लहान फांद्या डोलतील एवढा. या वाऱ्याचा शिडावरचा जोर साधारण १३ किलो वजनाइतका येतो. तो उंचावर लागतो, म्हणून होडीला कलवण्याचा त्याचा परिणाम मध्यापासून २ मीटरवर टांगलेल्या १५ किलो वजनाएवढा होतो. उलांडी त्याच २ मीटर अंतरावर आहे आणि तिचे वजन १२ किलो आहे असे माना. ती वाऱ्याकडे असेल तर एकटी पुरी पडणार नाही, पण होडीतला माणूस दांड्याकडे हातभर सरकला की हिशेब जुळतो. ती उलट बाजूला असेल आणि तिचे आकारमान ६० लिटर असेल, तर पूर्ण बुडेपर्यंत ती ४८ किलो भार पेलते. पंधराच्या समोर अठ्ठेचाळीस. भरपूर सवड आहे. आता वारा दुप्पट होऊ द्या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पंधराचे साठ झाले. उलांडी पाण्याखाली गेली, तिच्याभोवती पाणी घोळू लागले, होडी तिच्याकडेच गर्रकन वळली आणि पुढचे सांगायला नको. वारा नुसता दुप्पट झाला होता. म्हणून शीड झटकन आवळता येणे ही सोय नाही, होडीच्या रचनेचाच भाग आहे. एक दोर ओढला की कापड परबाणाला, म्हणजे शिडाच्या काठीला, चिकटले पाहिजे.

मघाचे ६० लिटर मी उगाच घेतले नाहीत. नळाच्या दुकानात मिळणारा १६० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप ३ मीटर लांब कापला तर त्याचे आकारमान नेमके तेवढे भरते, आणि दोन्ही टोके बंद केल्यावर वजनही बाराच्या आसपास जाते. कोकणात उलांडीला हलक्या लाकडाचा ओंडका घेतात, पण नवशिक्यासाठी पाइप उत्तम. तो सरळ असतो हा त्याचा दोष, कारण सरळ टोक लाटेत घुसते. त्यावर उपाय म्हणजे पुढचे टोक तीन-चार बोटे वर राहील असा तो बांधायचा आणि टोपीच्या जागी निमुळती लाकडी नाळ बसवायची. बांधून झाल्यावर जाणकार तुम्हाला सांगतील की प्लायवूडची घडवलेली उलांडी जास्त वेगाने जाते. ते खरे आहे. दुसऱ्या वर्षी करा.

होडीचे अंग प्लायवूडचे. बाजारात पत्रा ८ फूट बाय ४ फुटांचा मिळतो. तो उभा तीन पट्ट्यांत कापला की प्रत्येक पट्टी ४० सेंटिमीटर रुंद येते. दोन पत्र्यांच्या सहा पट्ट्या झाल्या. दोन-दोन पट्ट्या टोकाला टोक जोडल्या की पावणेपाच मीटरहून जरा लांब असे तीन तुकडे मिळतात, दोन बाजू आणि एक तळ. होडी तयार, कागदावर तरी. जोड मात्र नुसती टोके भिडवून देऊ नये. ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला जाडीच्या आठपट, म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर लांबीचा तिरका छाट द्यायचा, दोन्ही छाट एकावर एक ठेवून चिकटवायचे. हा सांधा नीट झाला तर वाकवताना लाकूड दुसरीकडे मोडेल, इथे नाही. रंधा मारण्याचा हात नसेल तर बनशंकरीत फर्निचरची कामे करणारा कुठलाही सुतार अर्ध्या दिवसात छाट घालून देतो. फक्त त्याला हे टेबल नाही हे आधी पटवून द्यावे लागते.

प्लायवूड घेताना दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल. त्या शब्दावर जाऊ नये, पत्र्यावरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ हे घरगुती प्लायवूडचे मानक आहे. नावेसाठी आयएस ७१० हवे, ज्यातल्या डिंकाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. पत्र्याची कापलेली कड डोळ्यांसमोर धरून आतल्या थरांत पोकळी दिसते का तेही पाहा. शंका असेल तर एक तुकडा घरी आणून दिवसभर उकळा. स्वयंपाकघरात बोलणी बसतील, पण तलावाच्या मध्यावर थर सुटण्यापेक्षा ते परवडले.

बाजू आणि तळ जोडण्याची रीत गंमतशीर आहे. कडांना दर वीतभर अंतरावर भोके पाडायची, त्यातून तांब्याची तार ओवून पत्रे शिवायचे. तार पिळत गेले की सपाट पत्र्यांतून नाळ वर येते, पोट भरते, होडीचा आकार आपसूक उभा राहतो. मग आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून जाड लेप भरायचा, वर काचेच्या कापडाची पट्टी, आणि लेप सुकल्यावर तार काढून टाकायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ‘मिरर’ नावाची लहान नौका याच रीतीने घरोघर बांधली गेली. तिच्या सत्तर हजारांवर प्रती पाण्यात उतरल्या. सुतारकाम न येणाऱ्या माणसाला नाव बांधता आली ती तेव्हापासून. कोकणातला कारागीर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवत आला आहे ती हीच शिवण, फक्त त्याची दोरी कायमची राहते.

इपॉक्सी बंगळूरचे हवामान बघून वापरावे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरला की लेप दोन-दोन दिवस चिकट राहतो. एप्रिलच्या दुपारी तोच लेप डब्यातच तापून दगड होतो. फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी सगळ्यांत चांगल्या, आणि एका वेळी वाटीभरच कालवावे. पावसाळी हवेत काम करूच नये. वर तेलकट साय धरते आणि पुढचा थर तिच्यावर बसत नाही.

४० सेंटिमीटर उंचीच्या बाजू पुरतात का? होडी, सामान आणि दोन माणसे मिळून २३० किलो धरले तर होडी सुमारे १८ सेंटिमीटर पाण्यात बसते. वर उरतात बावीस. शांत तलावावर एकट्यासाठी ठीक. दोघांसाठी किंवा खाडीच्या तोंडाशी जायचे तर नाही. पूर्वी कोकणात ओंडका कोरून केलेल्या होडीची भिंत अशीच बुटकी पडे, तेव्हा तिच्यावर एक फळी चढवून शिवत. तीच युक्ती करा, तिसऱ्या पत्र्यातून वीतभर रुंद पट्टी दोन्ही बाजूंना चढवा. उरलेल्या तुकड्यांतून पुढे-मागे आडव्या भिंती घालून दोन बंद कप्पे करा. होडी पाण्याने भरली तरी हे कप्पे तिला बुडू देणार नाहीत. यात काटकसर करणाऱ्याशी माझा वाद नाही, पण त्याच्या होडीत मी बसणार नाही.

पाण्यातली लांबी साडेचार मीटरहून थोडी जास्त आणि रुंदी अर्ध्या मीटरहून कमी, म्हणजे एकाला दहा हे प्रमाण. या लांबीच्या रुंद नावेला ताशी १० किलोमीटरच्या पुढे जाणे जड जाते, कारण ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. अरुंद होडीची लाट लहान, म्हणून ती त्या हद्दीपलीकडे सहज जाते. उलांडीमुळे वेग येतो असे म्हणतात ते या अर्थी. उलांडी स्वतः अडथळाच करते, पण ती आहे म्हणून अंग अरुंद ठेवता येते.

आता दांडे, आणि इथे मला थोडा वेळ थांबायचे आहे, कारण या जातीची होडी मोडते ती इथेच. उलांडी पूर्ण दाबली गेली तर ४८ किलोचा भार पावणेदोन मीटरच्या तरफेवर दोन दांड्यांत वाटला जातो. लाटेचा धक्का जमेस धरून तो तिप्पट समजावा. यासाठी पोकळ बांबू बिनकामाचा. सिंधुदुर्गात कुंपणावर वाढणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव, बिनकाट्यांचा आणि सरळ असतो. कर्नाटकात त्यालाच मरिहाल म्हणतात आणि मल्लेश्वरमच्या लाकूडविज्ञान संस्थेने त्याच्या लागवडीवर बरेच काम केले आहे, म्हणजे तो बंगळुरातही मिळवता येतो. दोन इंच जाडीचा एक माणगा या भाराला काठावर पुरतो, म्हणून प्रत्येक दांड्यासाठी दोन माणगे शेजारी बांधावेत. दोन दांड्यांमधले अंतर दीड मीटरच्या वर ठेवावे.

आणि हे सगळे बांधावे, ठोकू नये. इंजिनिअर माणसाचा हात इथे हमखास बोल्टकडे जातो. बोल्टसाठी बांबूला भोक पाडले की तो तिथूनच चिरतो. लाटेने पीळ दिला की सगळा भार त्या एका भोकाच्या कडेवर येतो. दोराचे आठ-दहा वेढे तोच भार हातभर लांबीवर पसरतात, थोडेसे सरकतात, कुरकुरतात आणि पुन्हा जागेवर येतात. दोर झिजला तर दिसतो. बोल्ट आतून गंजला तर दिसत नाही. दोर पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि बांध ढिला पडतो. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याही चालतात, पण उन्हात त्या वर्षभरात तडकतात.

बांधलेल्या होडीचा दुसरा फायदा बनशंकरीतल्या माणसाला लगेच कळेल. ३० बाय ४०च्या प्लॉटवरच्या घरात गाडी उभी राहते तेवढीच मोकळी जागा असते. अडीच मीटर रुंदीची तयार होडी तिथून बाहेरच निघणार नाही. दोर सोडले की मात्र अर्ध्या मीटर रुंदीचे एक अंग, एक पाइप, चार बांबू आणि गुंडाळलेले शीड एवढेच उरते. हे मोठ्या गाडीच्या टपावर बसते. त्याहून आटोपशीर हवे तर अंगाचेच दोन तुकडे करून मध्ये जोडता येतात. न्यूझीलंडचे गॅरी डायर्किंग यांनी ‘वाआपा’ या आराखड्यात असे सुटे भाग एकमेकांना जोडून लहान किंवा मोठी होडी करण्याची सोय ठेवली आहे, आणि घरी बांधणाऱ्यांत तो आराखडा आवडता आहे. तिथे भाग जोडायला बोल्ट आहेत. लाकडी भिंतीला भिंत जोडताना ते योग्यच.

एकच होडी अनेक कामांना यावी ही अपेक्षा असेल तर तीही सुट्या भागांमुळेच पुरी होते. शीड उतरवले की वल्ह्यांची होडी. दांड्यांवर दोरीची जाळी ताणली की सामान ठेवायला किंवा आडवे व्हायला मचाण. बाजूला दोरीने टांगलेली एक फळी खाली सोडली की होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही, उथळ पाण्यात ती वर घेता येते. मागे एक रुंद वल्हे बांधले की सुकाणू झाले. शिडाचे पहिले कापड म्हणून साधी ताडपत्री घ्यावी. दोन बांबूंमध्ये ताणलेल्या त्रिकोणी शिडाचा आकार मनासारखा जमेपर्यंत ती तीनदा कापावी लागली तरी वाईट वाटत नाही. चांगले कापड नंतर. लाकडाला बाहेरून इपॉक्सी आणि रंग. बांबूंना मात्र कोकणातल्यासारखे काजूच्या टरफलांचे तेल चोपडले तर कीड लागत नाही, वास काही दिवस सहन करावा लागतो.

चालवायची कुठे, हा खरा अडसर आहे. शहरातले तलाव बहुतेक बंद आहेत. हलसूर तलावात शिडाच्या होड्या दिसतात त्या मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांच्या. मैसूरजवळच्या केआरएस धरणाच्या मागचे विस्तीर्ण पाणी या होडीला शोभणारे आहे, पण कोणत्याही जलाशयावर उतरण्याआधी तो ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घ्यावी. जून-जुलैत कर्नाटकाच्या पठारावर पश्चिमेचा वारा जोरात असतो. पहिल्या शिकवणीला ते महिने टाळावेत.

परवानगी मिळाल्यावर पहिल्या दिवशी शीड घरीच ठेवा. छातीभर पाण्यात होडी मुद्दाम उलथवा, पाण्याने भरू द्या, पुन्हा सरळ करून पाणी उपसता येते का ते बघा. अंगात लाइफजॅकेट आणि काठावर दुसरा माणूस हवाच. नंतरच शीड, आणि तेही सकाळच्या मंद वाऱ्यात. यातले काहीही विकत आणण्यापूर्वी एकदा मालवण किंवा वेंगुर्ल्याला जाऊन या. किनाऱ्यावरच्या होडीची लांबी, उलांडीचे अंतर आणि दोराचे वेढे टेपने मोजून वहीत लिहा, आणि मालकाला विचारा की दोर दरवर्षी बदलतो का. मालक गप्पांना मोकळा सापडायचा असेल तर जून-जुलैत, मासेमारी बंद असताना जा.